झिरकपूरचं कोशिंब

माझ्या फोनमध्ये नातवंडांपेक्षा पानांचे फोटो जास्त आहेत. सकाळचा चहा व्हायच्या आत दोन-चार येऊन पडलेले असतात. कुणाच्या दारातलं झाड, कुणाच्या ऑफिसच्या पार्किंगमधलं, कुणाला मोरनीच्या घाटात गाडी थांबवून दिसलेलं. खाली एकच ओळ असते, "मॅडमजी, ये कौन सा पेड़ है?" फोटोत बहुतेक वेळा एक हिरवा ठिपका आणि उरलेलं सगळं आभाळ. मग मी लिहिते, पान जवळून दाखवा, त्याची मागची बाजू दाखवा, ते फांदीला कसं जोडलंय ते दाखवा, साल दाखवा, खाली काही फळ-बी पडलंय का बघा. निम्मे लोक इथेच कंटाळतात. उरलेल्यांशी पुढे मैत्री होते.

मी मूळची आजऱ्याची. नवरा लष्करात, त्यामुळे निम्मा देश फिरून झाला आणि त्यांच्या शेवटच्या नेमणुकीत चंडीगडला आलो ते इथेच राहिलो. वनस्पतिशास्त्राची पदवी तोवर ट्रंकेच्या तळाशी होती. ती बाहेर काढली आणि पंचकुल्याच्या बाजूला भाड्याच्या जमिनीवर रोपवाटिका सुरू केली. फुलझाडं नाहीत, कुंड्या नाहीत, फक्त मोठी होणारी देशी झाडं. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून रोपवाटिका दुसऱ्याच्या हाती सोपवली आहे. पण झाडं ओळखायचं वेड गुडघ्यात नसतं, त्यामुळे ते चालू आहे.

हा धंदा बाहेरून दिसतो तसा शांत नाही. मोठं झाड विकणं म्हणजे वेळ विकणं, आणि तो कुणालाच विकत नको असतो. आयटी पार्कातल्या एका कंपनीचे व्यवस्थापक आले होते. कँटीनसमोरच्या मोकळ्या जागेत सावली हवी होती. मी त्यांना अर्जुन दाखवला, मोहाचं रोप दाखवलं, कोशिंब दाखवलं. त्यांनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला, "कितना टाईम लगेगा?" मी खरं ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, तब तक तो मेरा ट्रान्सफर हो जाएगा." शेवटी त्यांनी भराभर वाढणारं एक परदेशी झाड दुसरीकडून नेलं. दोन वर्षांत सावली झाली आणि एका उन्हाळी वादळात निम्मं झाड कँटीनच्या पत्र्यावर आलं. मग त्यांनीच फोन केला. बदली झाली नव्हती.

पण मला आज सांगायचं आहे ते झिरकपूरच्या एका झाडाबद्दल. इतकी वर्षं झाडं पाहिली, लावली, वाढवली, मरताना पाहिली. पण एखाद्या झाडापुढे बोलणं सुचू नये असं माझं क्वचित झालंय. तिथे झालं.

झिरकपूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विमानतळाच्या रस्त्याला लागून, चंडीगडच्या हद्दीबाहेर वाढलेलं हे गाव. काल शेत होतं तिथे आज चौदा मजले उभे असतात आणि संध्याकाळी गाड्या मुंगीच्या चालीनं सरकतात. पावसाळा संपता संपता मला संदीप पाटोळेचा फोन आला. संदीप मूळचा कऱ्हाडचा, झिरकपूरच्या एका बांधकामावर साइट इंजिनिअर. आमच्या गणपतीला येतो, मोदक मोजत नाही, म्हणून माझा लाडका.

"काकू, एक झाड ओळखायचंय," तो म्हणाला. "फोटो नको, तुम्ही याच. मोठं आहे. आणि जरा घाई आहे."

गेले तर शेताचे नुसते अवशेष उरलेले. एका बाजूला पत्र्याचं कुंपण, लोखंडाच्या सळ्यांचे ढीग, मजुरांच्या झोपड्या आणि मधोमध ते झाड. मी गाडीतून उतरले आणि दाराला धरून उभीच राहिले. खोड बुटकं पण इतकं रुंद, की तीन माणसांनी हातात हात धरले तरी कवेत येणार नाही. त्याला उभ्या पन्हळी पडलेल्या. वर फांद्यांचा घेर असा, की दुपारच्या उन्हात त्याच्याखाली वेगळीच, गार हवा होती. सिमेंटचे ट्रकवाले तिथेच झोपलेले होते. माणसाला सावली कळायला नाव लागत नाही.

नाव मला लागणार होतं. बिल्डर बन्सलजी स्वतः येऊन उभे होते. शांत माणूस, चष्मा सतत पुसायची सवय. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडमजी, मेरी बेसमेंट की रॅम्प यहाँ से जानी है. बीजी को मैंने ज़बान दी है कि बिना पूछे नहीं काटूँगा. आप बताइए, पेड़ कुछ ख़ास है तो सोचेंगे. जलाऊ लकड़ी है तो बात ख़तम."

बीजी म्हणजे ज्यांची ही जमीन होती त्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पुतण्याच्या सल्ल्यानं जमीन विकली. ऐंशीच्या घरातली काटक बाई, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर मलमलची चुन्नी. झाडाखाली बाजेवर बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरून शेजारी बसवलं.

झाड ओळखायचं म्हणजे आधी त्याच्याशी घाई करायची नाही. मी खाली पडलेली एक डहाळी उचलली. एका देठावर समोरासमोर दलांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, तीन जोड्या, आणि सगळ्यांत मोठी जोडी टोकाला. टोकाला एकटं दल नाही, शेवटही जोडीनंच. दलांना स्वतःचं देठ जवळजवळ नाहीच, थेट चिकटलेली. पान जाडसर, कडा सरळ. साल करडी, बारीक खपल्यांनी सुटणारी. जांभूळ नव्हे, कारण जांभळाचं पान एकेकटं असतं. रिठा नव्हे, कारण रिठ्याचं पान लांब आणि दलं जास्त. मी डहाळी नाकाशी नेली, पुन्हा वर बघितलं, आणि एकदम आजरा आठवला. आमच्या शाळेच्या वाटेवर हे झाड होतं. पावसाच्या तोंडावर त्याची आंबट फळं खाऊन आमचे दात इतके आंबायचे, की घरी भाकरी चावायची नाही.

"कोशिंब," मी संदीपला म्हणाले. "कुसुंब म्हणतात तेच. इथे हिंदीत कुसुम."

बन्सलजी म्हणाले, "कुसुम? वो तेल वाला?"

ही या झाडाची जुनीच अडचण. उत्तरेत करडईलाही कुसुम म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं आपण गुडघाभर काटेरी रोपाबद्दल बोलतोय. मी त्यांना सांगितलं, हे शिवालिकच्या पायथ्याचं, इथलंच, अस्सल देशी झाड. फार सावकाश वाढतं. एवढा घेर यायला माणसाचे दोन जन्म पुरत नाहीत. तुम्ही आज पैसे ओतून चौदा मजले उभे कराल, पण हे नाही उभं करता येणार.

बन्सलजींनी चष्मा पुसला. मग विचारलं, "फल देता है?"

माझ्याआधी बीजीच बोलल्या. "एह तां बांझ है, पुत्त. मैं व्याह के आई सी, तद वी ऐडा ही सी. इक फल नहीं लगया." लग्न होऊन आले तेव्हाही एवढंच होतं, आजवर एक फळ धरलेलं नाही. गावात त्याला बांझच म्हणायचे, असंही त्यांनी सांगितलं. नवी सून या झाडाखालून न्यायची नाही असा रिवाज होता. बीजींना त्यांच्या लग्नात कुणी चुकून इथूनच नेलं. पुढे मूल झालं नाही तेव्हा सासूनं ते काढलं आणि मरेपर्यंत काढत राहिली. बीजींनी हे सगळं भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "फिर मैं एथे ही बैठण लग गई. सोच्या, दोनों इक्को जिहे हां." दोघी एकसारख्याच, म्हणून मी इथेच बसायला लागले.

संदीप दुसरीकडे बघायला लागला. माझ्या मनात एक शंका आली होती, पण फुलं पाहिल्याशिवाय ती बोलायची नाही असं ठरवलं. आमच्या कामात अर्धवट खात्रीनं बोललेलं फार महागात पडतं. मी एवढंच म्हणाले, "बीजी, चैत्रापर्यंत थांबा. मग सांगते."

बन्सलजींनी झाड ठेवायचं कबूल केलं. रॅम्प दुसऱ्या बाजूनं घ्यायचा तर तीन-चार गाड्यांची जागा जात होती. संदीपनं रात्री बसून नकाशा बदलला आणि ती जागा दुसरीकडे काढून दिली. मी झाडाभोवती, फांद्यांच्या घेराच्या बाहेरून, चुन्याची रेघ मारून घेतली. लोकांना वाटतं मुळं खोल जातात. मोठ्या झाडाची खायची-प्यायची मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, घेराच्याही बाहेर. तिथे एकदा यंत्र चाललं की झाड उभं दिसतं, पण आतून उपाशी मरायला लागतं.

लोहडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमाराला इथे पाऊस आला. हिवाळी पाऊस, दोन दिवस सतत. मागोमाग धुकं. चुन्याची रेघ वाहून गेली होती आणि सकाळच्या धुक्यात खोदाईचं यंत्र चालवणाऱ्याला चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. संदीप पोचेपर्यंत दक्षिणेची सगळी बाजू कापली गेली होती.

मी गेले तेव्हा तो खड्ड्याच्या काठावर उभा होता. खड्ड्याच्या भिंतीतून मनगटाएवढी, मांडीएवढी मुळं फाटून बाहेर आली होती. आतला भाग ओला आणि फिकट गुलाबी. यंत्रवाला बिचारा हात जोडून उभा. त्याला काय बोलणार? धुक्यानं कापलं म्हणायचं.

"काकू, जगेल का?" संदीपनं विचारलं.

"माहीत नाही. करवत आण."

फाटलेलं मूळ तसंच ठेवलं तर कुजतं. ते करवतीनं स्वच्छ कापावं लागतं, म्हणजे त्याच्या कडेनं नवी मुळं फुटायची आशा असते. दिवसभर आम्ही तेच केलं. मग ओली गोणपाटं लावली, खड्ड्याच्या त्या बाजूला आधाराची भिंत उभारून मध्ये त्याच शेतातली माती आणि कुजलेला पाला भरला. रोलर फिरवून माती दाबायची नाही म्हणून संदीप स्वतः पहारा देत होता. त्यावर पाल्याचं जाड पांघरूण. एवढंच हातात होतं. बीजी बाजेवर बसून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना स्टीलच्या ग्लासातून चहा दिला.

कोशिंबाचं वेळापत्रक साधं असतं. हिवाळा सरता सरता जुनी पानं गळतात, थोडे दिवस झाड उघडं राहतं, आणि मग नवी पालवी येते. त्या मार्चमध्ये चंडीगडच्या रस्त्याकडेची कोशिंबं पालवली. झिरकपूरचं पालवलं नाही. पानं तर सगळी गळून गेली होती. नुसता सांगाडा उभा.

मी दर दोन दिवसांनी जात होते. बारीक डहाळीची साल नखानं खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर संपलं. उत्तरेच्या बाजूला हिरवं होतं. दक्षिणेला तपकिरी, फांदीमागून फांदी तपकिरी. झाडाची मुळं आणि फांद्या बऱ्याचदा बाजूनं बांधलेल्या असतात. ज्या बाजूचं मूळ जातं त्या बाजूचा माथा आधी उपाशी राहतो.

बन्सलजींनी एका बागकाम ठेकेदाराला आणलं. त्यानं खोडावर थाप मारून सांगितलं, "ख़तम है जी." बन्सलजी माझ्याकडे वळले. मी त्यांना खरवडलेल्या दोन्ही डहाळ्या दाखवल्या आणि जसं होतं तसं सांगितलं. अर्धं गेलंय, अर्ध्यात जीव आहे, पण तो बाहेर यायला ताकद पुरेल की नाही ते मला सांगता येत नाही.

त्यांनी एकदा वर बघून घेतलं. मग बीजींकडे जाऊन म्हणाले, "बीजी, बैसाखी तक. उसके बाद मुझे मत रोकना."

बीजी म्हणाल्या, "ठीक है पुत्त."

एप्रिल उजाडला. बैसाखी त्याच्या मध्यावर. ऊन तापायला लागलं. सकाळी जायचं, खरवडायचं, परत यायचं. घरी माझं कशात लक्ष नव्हतं. हे म्हणाले, "युनिटमधला एखादा जवान दवाखान्यात असल्यासारखं तुझं चाललंय." तसंच होतं. बैसाखी जवळ आली तशी मी आशा सोडत चालले होते, पण सांगत कुणाला नव्हते.

मग एका सकाळी संदीपचा फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं, कापलं.

"काकू, या," तो म्हणाला. "मी सांगत नाही. तुम्ही बघा."

पुलावर नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. अर्धा तास मी स्टिअरिंगला धरून बसले होते. शेवटी पत्र्याच्या कुंपणाचं वळण घेतलं आणि दिसलं.

कोशिंबाची पालवी लाल असते हे मला शाळेपासून माहीत. दरवर्षी बघते, लोकांना सांगते. तरी त्या दिवशी जे पाहिलं ते मला माहीत नव्हतं. उत्तरेचा सगळा अर्धा घेर, खालपासून वरपर्यंत, दोन-तीन दिवसांत फुटून आला होता. एकच लाल नव्हता. टोकाला डाळिंबाच्या दाण्यासारखा, आत तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा, आणि ऊन जिथे आरपार येत होतं तिथे आपण हाताची बोटं मिटून विजेरीवर धरली तर दिसतो तसा. पानं इतकी कोवळी की ती अजून लोंबत होती, ताठ व्हायची होती. आणि बाजूलाच दुसरा अर्धा, काळा, एक पान नसलेला, तसाच उभा. त्या काळ्यामुळे लाल जास्त लाल दिसत होतं की काय कोण जाणे.

काम थांबलं होतं. कुणी थांबवलं नव्हतं. सळ्या वाकवणारे, विटा वाहणाऱ्या बायका, ट्रकवाले, सगळे येऊन वर बघत उभे होते. झाडाखालची धूळही तांबूस दिसत होती, बायकांचे चेहरे तांबूस दिसत होते. बन्सलजी आले. त्यांनी चष्मा काढला, तो पुसायचा विसरले, हातात धरून उभे राहिले. मी आयुष्यभर झाडांची नावं सांगत आले. त्या सकाळी मला कुणी नाव विचारलं असतं तर मला आठवलं नसतं.

थोड्या वेळानं बन्सलजी म्हणाले, "रहने दो इसको." आणि मग व्यापारी जागा झाला, "संदीप, इधर वाली बाल्कनियों का रेट देखना पड़ेगा."

आठवड्याभरानं पालवीच्या बुडाशी फुलं आली. कोशिंबाचं फूल म्हणजे बघणाऱ्याची निराशा. पिवळट हिरवं, मोहरीएवढं, पाकळ्याच नाहीत. मी संदीपला शिडीवर चढवून वेगवेगळ्या फांद्यांवरचे तुरे काढायला लावले आणि बाजेवर बसून भिंगाखाली एकेक फूल उघडलं. सगळ्यांत केसर होते, पराग होता. फळ धरणारा भाग कुठेच नीट वाढलेला नव्हता. एक फूल नाही, दोन नाही, जेवढी पाहिली तेवढी तशीच. माझी शंका खरी होती.

मी भिंग बीजींच्या हातात दिलं आणि सांगितलं, "बीजी, हे झाड बांझ नाही. हे नर आहे. काही कोशिंबांना नुसती नराची फुलं येतात. त्याला फळ कधीच येणार नव्हतं. याचा पराग मधमाश्या नेतात आणि फळं दुसऱ्या झाडांना लागतात."

हे मी हिंदीत, जमेल तसं पंजाबी घालून सांगितलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. त्यांना काही दिसलं की नाही मला माहीत नाही. मग त्या गालातल्या गालात हसायला लागल्या, आणि मग इतक्या हसल्या की चुन्नीचं टोक तोंडाला लावलं.

"सारी उमर," त्या म्हणाल्या, "सारा पिंड मर्द नूं औरत वाली गाल कड्डदा रिहा." सगळं गाव जन्मभर एका पुरुषाला बाईची शिवी देत राहिलं.

हसणं थांबलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. खोडाकडे वळल्या. मग विचारलं, "ते इस दे बच्चे कित्थे ने?" याची मुलं कुठे आहेत?

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. तिथून फार लांब नाही, कोस-दीड कोसावर, एका जुन्या आंबराईच्या कडेला फळणारं कोशिंब होतं. खाली बोराएवढी, टोकदार, टणक सालीची फळं पडलेली. मी एक फोडून दिलं. आतला पिवळट गर त्यांनी जिभेवर ठेवला आणि त्यांचा सगळा चेहरा आंबट झाला. एवढी वर्षं त्या झाडाखाली बसून त्याची चव त्यांना ठाऊक नव्हती. मीही एक खाल्लं. आजऱ्यानंतर पहिलं.

"एह उसे दा है?" हे त्याचंच का, त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. जवळ दुसरी नर झाडंही असतील. मधमाशी कुठून आली कोण बघतंय."

"मैनूं पक्का पता है," बीजी म्हणाल्या आणि चुन्नीच्या टोकात फळं भरायला लागल्या. शास्त्र माझ्याकडे होतं, पण वाद घालावासा वाटला नाही.

कोशिंब वाढवायचं ज्यांना असेल त्यांनी एक लक्षात ठेवावं, बी साठवायचं नाही. फळ गोळा केलं की गर धुऊन काढायचा आणि त्याच आठवड्यात पेरायचं. उशीर झाला की बी दिसतं तसंच, पण उगवत नाही. आम्ही भरपूर पेरलं. काही मुंग्यांनी नेलं, काही खारींनी, काही नुसतं कुजलं. उगवलं त्यातलं बरंच पहिल्या थंडीत गेलं, कारण इथल्या हिवाळ्यात गोठणारं दव कोवळ्या कोशिंबाला सोसत नाही. उरलेल्या रोपांवर आम्ही सरकंड्याच्या गवताच्या छोट्या झोपड्या बांधल्या.

आणि मग धीर धरायचा. पहिलं वर्षभर कोशिंब वर काही करतच नाही. वीतभर उंची, चार पानं. गिऱ्हाईक बघून म्हणतं, हे वाढत नाही. पण पिशवी फाडून पाहिली तर खाली सोटमूळ हातभर गेलेलं असतं. म्हणून उथळ पिशवी चालत नाही, मूळ गुंडाळलं जातं आणि असं रोप पुढे जन्मभर खुरटतं. मी उंच नळीसारख्या पिशव्या वापरायचे. बीजी महिन्यातून एकदा पुतण्याला घेऊन यायच्या, रोपांपुढे मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, टाकून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "एह ते कुछ करदा ही नहीं." मी म्हणाले, खाली करतोय. त्यांना ते पटलं. शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या.

तीन रोपं धड निघाली. दोन पावसाळ्यांनंतर त्यातली दोन आम्ही बन्सलजींनी बांधलेल्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात लावली आणि एक बीजींच्या जुन्या गावच्या विहिरीपाशी. सोसायटीतलं एक गेल्या वर्षी पार्किंग करणाऱ्या गाडीखाली गेलं. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण उरलेली दोन आहेत. त्यातल्या एकाची लाल पालवी यंदा माझ्या खांद्याच्या उंचीला होती.

आता तिथे लोक राहतात. मोठ्या झाडाचा वाळलेला अर्धा उतरवून घ्यावा लागला, त्यामुळे ते एका बाजूला झुकलेलं, जरा विचित्र दिसतं. राहायला आलेल्यांना त्याची गोष्ट माहीत नाही. पहिल्याच वर्षी मार्चअखेर तिथल्या एका बाईंचा फोन आला, "मॅम, हमारे पेड़ को कोई बीमारी लग गई है, सारे पत्ते लाल हो रहे हैं. कोई स्प्रे बताइए." मी म्हणाले, स्प्रे नको, खुर्ची घेऊन खाली जाऊन बसा. त्या बसल्या असाव्यात. आता दरवर्षी मला फोटो पाठवतात.

बीजींच्या पुतण्यानं तिथेच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गावचं घर सोडून बीजी तिकडे आल्या. मला वाटलं होतं, या बाईचं तिथे कसं होणार. यंदाच्या पालवीला मी त्यांना भेटायला गेले. त्यांचं चालणं आता जवळजवळ थांबलंय, खाली उतरणं नाहीच. पुतण्याच्या बायकोनं त्यांना बाल्कनीत आणून बसवलं होतं आणि मला म्हणाली, "सुबह से यहीं हैं. अंदर आती ही नहीं."

मी बाल्कनीत पाऊल टाकलं आणि कठड्याला धरलं. मी सगळ्या जन्मात झाडं खालून पाहिली आहेत. मान वर करून, डोळे किलकिले करून. हे झाड आम्ही दोघींनीही खालूनच पाहिलेलं. इथे सगळा माथा आमच्या पायांच्या पातळीवर होता. लाल पानांचा एक उंचसखल पसारा, वाऱ्याबरोबर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलत जाणारा. त्यात कितीतरी पक्षी, जे खालून कधी दिसत नाहीत. पोपट, सातभाई, एक हिरवं कबूतर अगदी समोर बसून आमच्याकडे बघत होतं. आणि मधमाश्यांचा आवाज असा भरलेला, की आम्हाला हळू बोलायची गरजच उरली नव्हती, आणि तरी आम्ही हळूच बोललो.

एक फांदी कठड्यापर्यंत आली होती. बीजींनी हात लांब केला. पोचला नाही. मी ती फांदी जवळ ओढून धरली. त्यांनी एक लाल पान दोन बोटांत घेतलं, तोडलं नाही. अंगठा हळूहळू त्यावरून फिरवत राहिल्या.

"पुत्त," त्या म्हणाल्या, "एह किन्ना कूला है." किती मऊ आहे हे.

मी फांदी धरून उभी राहिले. हात भरून आला तरी सोडली नाही.